एकाच बॉनेटवर मेण, सीलंट आणि सिरॅमिक : बावधनच्या उन्हात, टँकरच्या पाण्यात दहा महिने

गाडी गडद निळी हॅचबॅक, सात वर्षांची. पुण्यात बावधनच्या आमच्या सोसायटीत झाकलेलं पार्किंग मला मिळालेलं नाही, त्यामुळे ती उंबराच्या कडेला उघड्यावर उभी असते. सकाळी सावली, अकरापासून पाचपर्यंत कडक ऊन, आणि धुवायला टँकरचं पाणी. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं याच तीन गोष्टींवर ठरलं. तुमची गाडी बेसमेंटमध्ये उभी राहत असेल आणि नळाला खडकवासला धरणाचं पाणी येत असेल, तर तुमचा अनुभव बराच वेगळा येईल.

गेल्या दिवाळीच्या आधी एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाडीचा रंग साफ करून चमकवून देणाऱ्याकडे, चौकशी केली. सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे रंगावर चढवायच्या कडक, पारदर्शक संरक्षक थराचे, बावीस हजार सांगितले. वर, "मॅडम, नाइन एच आहे, ओरखडा पडणारच नाही." हे काही पटेना, म्हणून वाचायला बसले. ९एच ही पेन्सिलच्या कडकपणाची मोजणी आहे. ठरावीक दाबाने पेन्सिल पृष्ठभागावर ओढायची आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघायचं, एवढीच ती चाचणी. खनिजांचा कडकपणा सांगणारी, हिऱ्याला १० देणारी मोजपट्टी वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही. आणि थर असतो किती? कंपनीचा पूर्ण रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. घरी लावायचं सिरॅमिक वाळल्यावर जेमतेम मायक्रॉनभर उरतं. मायक्रॉनभर थर एक्स्प्रेस वेवर उडालेला खडा अडवेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. खड्यासाठी पीपीएफ नावाची जाड पारदर्शक फिल्म असते, दीडशे-दोनशे मायक्रॉनची. तिचा खर्च आणि तिचं कौशल्य दोन्ही वेगळं, त्यामुळे मी त्या वाटेला गेले नाही.

मग ठरवलं की मेण, सीलंट आणि सिरॅमिक, रंग जपणारे हे तिन्ही प्रकार घरीच, एकाच गाडीवर लावून बघायचे. बॉनेटवर मास्किंग टेप लावून तीन पट्टे केले : ड्रायव्हरच्या बाजूला कार्नोबा मेण (एका पामच्या पानांपासून मिळणारं), मधे सिंथेटिक सीलंट (मेणासारखंच लावायचं, पण रसायनांपासून बनवलेलं), डावीकडे सिरॅमिक. टप अर्धा सीलंटचा, अर्धा सिरॅमिकचा. उजवी दारं सीलंट, डावी सिरॅमिक. डिकीला मेण. तिन्हींचा मिळून खर्च पाच हजारांच्या आसपास झाला, त्यात साडेतीन हजार एकट्या सिरॅमिकच्या ५० मिलीच्या बाटलीचे.

लावण्याआधीच्या तयारीतच एक अख्खा रविवार गेला, आणि माझ्या मते खरं काम तेच. गाडी शँपूने धुऊन वाळवली, प्लास्टिकच्या पातळ पिशवीत हात घातला आणि बॉनेटवरून हलकेच फिरवला. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. ब्रेकच्या लोखंडाचे बारीक कण, डांबर, सिमेंटची धूळ, सगळं रुतून बसलेलं असतं. आमच्याकडे चारही बाजूंनी बांधकामं चालू आहेत, त्यामुळे सिमेंट तर नक्कीच. लोखंडाचे कण विरघळवणारा आयर्न रिमूव्हर फवारला तेव्हा दारांच्या खालच्या भागातून जांभळे ओघळ आले. वास फार उग्र असतो, उघड्या जागीच करा. मग रुतलेले कण ओढून काढणारी क्ले बारची वडी, मग मामेभावाचं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन आणून हलकं पॉलिश, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. पॉलिशमधलं तेल राहिलं तर वरचा थर रंगाला धरत नाही. गॅरेजवाले ज्याला सरसकट रबिंग म्हणतात ते जपून करा. प्रत्येक रबिंगमध्ये क्लिअर कोट थोडा थोडा झिजतो, आणि तो परत येत नाही.

मेण आणि सीलंट लावणं सोपं. पातळ थर द्या, धुरकट झाला की पुसून काढा. बाबांनी दोन्ही अर्ध्या तासात उरकलं. सिरॅमिकला मात्र मन एकाग्र लागतं. स्पंजच्या ठोकळ्यावर सुएडचं कापड, त्यावर आठ-दहा थेंब, दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा, आधी आडवे हात, मग उभे. मिनिटभरात त्यावर तेलावर दिसते तशी इंद्रधनुषी झाक येते. ती आली की लगेच एका फडक्याने पुसायचं आणि दुसऱ्या फडक्याने सपाट करायचं. मी टपाच्या मध्यावर उशीर केला. शेजारच्या काकांनी दोन दिवसांसाठी दिलेल्या बेसमेंटमध्ये उजेड कमी होता आणि एक पट्टा पुसायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी बाबांनी टॉर्च तिरका धरला तेव्हा हातभर लांबीचा काळपट डाग दिसला. तोवर तो कडक झाला होता. मशीनने तेवढा भाग घासून पुन्हा लावावा लागला. तेव्हा लावतानाच टॉर्च हातात ठेवा, आणि तिरका धरा. सरळ उजेडात हे डाग दिसत नाहीत. वापरलेली फडकी पुन्हा रंगाला लावू नका, त्यात वाळलेलं कोटिंग काचेच्या कणांसारखं होतं.

पहिले २४ तास पाणी लागू द्यायचं नाही आणि आठवडाभर शँपू नाही. पुण्यात नोव्हेंबरच्या पहाटे दव पडतं, म्हणून उघड्यावर उभ्या गाडीला हे काम जमणार नाही. एका रात्रीपुरतं तरी छप्पर मिळवा.

जानेवारीपर्यंत तिन्ही पट्ट्यांवर पाणी मोत्यासारखं गोळा होत होतं. दिसायला मेणाचा पट्टा सगळ्यात सुंदर, निळा रंग ओला असल्यासारखा खोल. हे मनापासून सांगते, कारण मेणाला आता कोणी विचारत नाही. लग्नकार्याला गाडी न्यायची असेल तर मी आजही मेणच लावेन. पण फेब्रुवारी संपता संपता बॉनेटवरचं मेण गेलं. डिकीवरचं आणखी महिनाभर टिकलं, तिथे इंजिनाची धग नाही. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता टपाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं तर ६८ अंश निघालं. शुद्ध कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणजे ते वितळून वाहून जातं हे खरं नाही. पण डबीतलं मेण शुद्ध नसतं, त्यात तेलं आणि मऊ मेणं मिसळलेली असतात. रोजच्या उन्हाने आणि शँपूने ते हळूहळू निघून जातं.

आता मुख्य गोष्टीकडे येते, पाण्याकडे. टँकरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले एकूण क्षार, मी मोजला, लिटरमागे ६४० मिलिग्रॅम आला. कोथरूडला आईकडच्या नळाचा शंभराच्या आत. टीडीएस म्हणजे फक्त डाग पाडणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम नव्हे, पण अंदाज यायला पुरतो. मार्च-एप्रिलमध्ये टपाच्या सिरॅमिकवाल्या अर्ध्या भागावर पांढऱ्या कड्यांची गर्दी झाली. प्रत्येक कडं ज्वारीच्या दाण्याएवढं, मधे मोकळं, कडेला चुन्यासारखी रेघ. सीलंटच्या अर्ध्यावर डाग होते, पण फिके आणि पसरट.

विचार केल्यावर कारण लक्षात आलं. सिरॅमिकवर थेंब उंच, गोल उभा राहतो. उतार असेल तर घरंगळून जातो, म्हणून दारांवर डाग नव्हतेच. पण टप जवळपास सपाट. तिथे थेंब जागच्या जागी आटतो आणि त्यातला सगळा क्षार एवढ्याशा वर्तुळात उरतो. ज्या गुणासाठी आपण पैसे मोजतो, तोच गुण क्षाराच्या पाण्यात आणि उन्हात उलटतो. जाहिरातीतले ते चमकणारे मोती बघून मी भुलले होते. आता मला थेंब गोळा होण्यापेक्षा पाण्याची चादर सरकन खाली उतरणं जास्त मोलाचं वाटतं.

पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, सावलीत, मिनिटभर ओलं फडकं ठेवून मग धुतलं, तेव्हा बहुतेक कडी गेली. गंमत म्हणजे त्याआधी मला वाटत होतं की कोटिंगच संपलंय, कारण पाणी नुसतं पसरत होतं. क्षाराचा थर निघाल्यावर थेंब पुन्हा पहिल्यासारखे उभे राहिले. म्हणजे कोटिंग जिवंत होतं, फक्त गाडलं गेलं होतं. पण दहा-बारा कडी क्लिअर कोटमध्येच उतरली आहेत. ती व्हिनेगरने जात नाहीत, नखाला लागत नाहीत, तिरप्या उन्हात दिसतात.

यावरून एक कळकळीची विनंती. आरओच्या टाकाऊ पाण्याने गाडी धुवा, पाणी वाचेल, हा सल्ला पुण्यात घरोघरी दिला जातो. ते पाणी फरशीला वापरा, संडासात वापरा, गाडीच्या रंगाला नको. फिल्टरने काढलेले क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात, म्हणजे मूळ पाण्याहूनही ते जड. त्याउलट एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, जवळपास क्षारविरहित. मे महिन्यात रात्रभरात अर्धी बादली भरते. धुऊन झाल्यावर शेवटचं पाणी मी तेच वापरते आणि उन्हात न सोडता लगेच टिपून घेते.

दुसरा नुकसान करणारा प्रकार म्हणजे पहाटेचं कोरडं फडकं. आमच्याकडे गाड्या पुसणारे दादा अतिशय प्रामाणिक आहेत, पण धुळीवर कोरडं फडकं फिरलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे पडतातच, कोटिंग कुठलंही असो. मी म्हटलं, "दादा, माझी गाडी रोज नका पुसू." ते म्हणाले, "ताई, न पुसता पैसे कसे घेऊ? आणि बादली एक, गाड्या बावीस." त्यांचं म्हणणं रास्त होतं. आता ते आठवड्यातून दोनदाच, मी दिलेल्या मायक्रोफायबरने, आधी पाणी मारून पुसतात आणि पैसे तेवढेच घेतात. या एका बदलाने माझ्या गाडीला जे मिळालं ते साडेतीन हजारांच्या बाटलीने मिळालं नसतं.

पक्ष्यांचं थोडक्यात. उंबर पिकला की दिवसा पक्षी, रात्री वटवाघळं. विष्ठेत आम्ल असतं, आणि उन्हात रंग तापून मऊ होतो तेव्हा ती आत खाते. दोन दिवस बाहेरगावी होते तेवढ्यात बॉनेटवर तिन्ही पट्ट्यांवर प्रसाद पडला. मेणाचा पट्टा तेव्हा उघडाच होता, तिथे ठसा कायमचा उमटला. सीलंटवर अंधुक. सिरॅमिकवर सगळ्यात कमी, पण आहे. "काही होत नाही" यावर विसंबू नका, गाडीत ओलं फडकं ठेवा.

सीलंटने मला सुखद धक्का दिला. नऊशे रुपयांची बाटली, अर्धी अजून शिल्लक. बॉनेटवर मेअखेरपर्यंत टिकलं, दारांवर ऑगस्टच्या पावसातही पाणी घरंगळत होतं. सिरॅमिक दारांवर आज सप्टेंबरमध्येही पहिल्यासारखं आहे. चिखल नुसत्या पाण्याने सुटतो आणि गाडी धुवायला पूर्वीच्या निम्मा वेळ लागतो. सिरॅमिकचा खरा फायदा हाच, धुणं सोपं होतं आणि धुताना कमी घासावं लागतं. त्यासाठी दारांवर ते मी पुन्हा लावेन. उघड्यावरच्या टपाला मात्र पुन्हा लावणार नाही.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की टपाचा आणि बॉनेटचा डावा भाग हलक्या पॉलिशने साफ करणार आहे, आणि दोन्हींवर सीलंट, वर्षातून दोनदा : नोव्हेंबरात एकदा आणि पावसाच्या तोंडावर एकदा. शेजारच्या काकांना बेसमेंटची जागा या वेळी एकाच रात्रीसाठी मागितली आहे. त्यांनी त्यांच्या गाडीसाठीही उरलेली अर्धी बाटली बाजूला ठेवायला सांगितलं आहे.