‘फोर सीझन’ म्हणून गळ्यात मारले जाणारे ट्रेलर

ऑक्टोबर उलटला की अमेरिकेत वापरलेले ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची फिरती घरं, धडाधड विक्रीला निघतात. हिवाळाभर जागेचं भाडं भरायचं, पाइपांत अँटिफ्रीझ घालून ठेवायचं, ही कटकट मालकाला नको असते. नेमक्या त्याच दिवसांत, ख्रिसमसच्या सुट्टीत मुलांना बर्फात न्यायचं म्हणून बरीच मराठी कुटुंबं पहिलावहिला ट्रेलर शोधत असतात. विकणाऱ्याला घाई आणि घेणाऱ्याला हौस, एवढं फसवणुकीला पुरतं. पुढे ज्या लबाड्या लिहिल्या आहेत त्या वर्षानुवर्षं त्याच आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक लबाडी पैसे देण्याआधी पकडता येते.

सगळ्यात महागात पडते ती वजनाची थाप. डीलर विचारतो, पिकअप कोणती? मग लगेच म्हणतो, “ती तर ११,००० पौंड ओढते, हा ट्रेलर फक्त ५,६०० पौंडांचा आहे, निर्धास्त घेऊन जा.” दोन्ही आकडे कागदावर खरे असतात आणि म्हणूनच माणूस फसतो. ११,००० हा त्या मॉडेलचा सर्वोच्च आकडा. तो ठरावीक इंजिन, ठरावीक अ‍ॅक्सल रेशो आणि टो पॅकेज (ओढण्यासाठीची जादा साधनं) असलेल्या गाडीलाच लागू होतो. शिवाय एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे २८०७ या ज्या पद्धतीने तो काढतात, त्यात गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. ५,६०० हे ट्रेलरचं कोरडं वजन. त्यात पाणी नाही, अंथरूण-पांघरूण नाही, भांडी नाहीत, आणि बऱ्याचदा बॅटरीसुद्धा नाही.

खरा आकडा तुमच्याच पिकअपवर चिकटवलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारा पांढरा-पिवळा स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या वर जाऊ नये, हे त्यावर लिहिलेलं असतं. हाच पेलोड. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत तो शेकडो पौंडांनी वेगळा असू शकतो, कारण सनरूफ, मोठी चाकं, फोर-व्हील ड्राइव्ह हे सगळं त्यातूनच वजा होतं.

आता हिशोब मांडा. ट्रेलरच्या प्लेटवर त्याचं कमाल भरलेलं वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, समजा ७,६०० पौंड आहे. हिवाळी सामानासकट तो ७,२०० ला सहज पोचतो. भरलेल्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे पिकअप आणि ट्रेलरच्या जोडणीवर, यावा लागतो. १३ टक्के धरले तर ९३६ पौंड. भार पुढच्या चाकांवरही वाटून देणारा वेट डिस्ट्रिब्युशन हिच स्वतःच ९० पौंडांचा. चार माणसं ५५० पौंड. मागच्या बेडमध्ये जनरेटर, लाकडं, बर्फाचं फावडं मिळून २००. बेरीज १,७७६. हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या, पिकअपच्या स्टिकरवर १,४८० असेल, तर प्रवास सुरू होण्याआधीच तुम्ही जवळजवळ ३०० पौंड वर गेलात. ओढण्याच्या ११,००० पौंडांपैकी अजून कितीतरी शिल्लक आहेत, पण ते इथे काही कामाचे नाहीत.

असं वजन कोरड्या रस्त्यावर एकवेळ निभावतं. बर्फावर निभावत नाही. मागचा भाग बसला की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, स्टिअरिंग हलकं लागतं, आणि उताराच्या वळणावर गाडी वळायच्या ऐवजी सरळ घसरते. “मग सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवा, हिचवरचा भार कमी होईल,” असा सल्लाही काही विक्रेते देतात. तो धोकादायक आहे. भार १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो, आणि निसरड्या रस्त्यावर तो सावरता येत नाही.

कुरकुर केलीच, तर डीलर मागच्या अ‍ॅक्सलसाठी एअरबॅग (स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी) पुढे करतो. “हे लावलं की पेलोड वाढतो.” साफ खोटं. एअरबॅगने बसलेली मागची बाजू उचलली जाते, पण गाडीची ठरलेली मर्यादा तसूभरही बदलत नाही आणि पुढच्या चाकांवर भारही परत येत नाही. तो परत आणायचं काम वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं. पिकअपच्या मागच्या रिसीव्हरवरही, म्हणजे हिच जिथे बसतो त्या खाचेवरही, एक स्टिकर असतो, त्यावर साध्या हिचसाठी एक मर्यादा आणि वेट डिस्ट्रिब्युशनसाठी दुसरी, मोठी मर्यादा असते. विक्रेता नेहमी मोठी वाचून दाखवतो आणि साधा हिच लावून देतो.

ट्रेलरच्या दाराजवळचा सामानाच्या मर्यादेचा स्टिकरही वाचा. काही ऐसपैस, स्लाइड-आउटवाल्या (खोलीचा भाग बाहेर सरकणाऱ्या) ट्रेलरांत तो हजार पौंडांच्याही आत असतो. चाळीस गॅलन पाण्याचेच त्यातले ३३० पौंड गेले. गाडी दारात आली की ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर सगळं भरून वजन करून घ्या. तिथे पिकअपच्या पुढच्या, मागच्या आणि ट्रेलरच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगळं छापून मिळतं.

दुसरी थाप ‘फोर सीझन’, म्हणजे चारही ऋतूंत चालतो, या पाटीची. ही पाटी लावायला कुठल्याही कायद्याची अट नाही, कोणीही लावू शकतो. आत काय आहे ते स्वतः वाकून बघायचं. खालून प्लॅस्टिकच्या पत्र्याने झाकलेलं पोट दाखवून “पाइप गोठणार नाहीत” म्हणतात. नुसत्या झाकण्याने काही होत नाही, फर्नेसची (ट्रेलर गरम करणाऱ्या गॅसच्या हीटरची) गरम हवा त्या पोकळीत सोडणारा डक्ट असला पाहिजे. कडेचे चार-सहा स्क्रू काढून, टॉर्च किंवा फोनचा कॅमेरा आत घालून तो आहे का ते पाहा. स्क्रू काढू देत नसेल तर कारण विचारा. सांडपाण्याच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बहुतेक वेळा त्या पत्र्याच्या बाहेर लोंबत असतात आणि सगळ्यात आधी तेच गोठतात. भिंतींच्या इन्सुलेशनचे भलेमोठे आकडेही असेच फुगवलेले असतात. दीड-दोन इंच जाडीच्या भिंतीत फोमचं एक पान आणि चकचकीत फॉइल घालून घराच्या माळ्याइतकं इन्सुलेशन होत नाही. फॉइलला काम करायला शेजारी हवेची पोकळी लागते, आणि दाबून चिकटवलेल्या भिंतीत ती नसते.

टाक्यांखालच्या हीटर पॅडचं बटण दाबलं की दिवा लागतो, एवढ्यावर समाधान मानू नका. दिवा बटणाचा आहे, पॅडचा नाही. पॅड चालू झाला की बॅटरीतून प्रत्येकी पाचेक अँपिअर जास्त ओढले गेले पाहिजेत, तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला की लगेच कळतं. मात्र पॅडला स्वतःचा थर्मोस्टॅट असतो. तो साधारण ४४ अंश फॅरनहाइटच्या खालीच चालू होतो, म्हणून ही तपासणी थंड सकाळीच करायची.

आणि उष्णतेचा हिशोब. “एक सिलिंडर आठवडाभर पुरतो” हे उन्हाळ्यातल्या स्वयंपाकापुरतं खरं. वीस पौंडांच्या प्रोपेन सिलिंडरमध्ये सुमारे ४,३०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) असतात. तासाला ३०,००० बीटीयूचा फर्नेस सलग चालला तर चौदा तास, गोठणाऱ्या थंडीत निम्मा वेळ चालला तर एक दिवस आणि थोडं वर. फर्नेसचा पंखा बॅटरीवर चालतो, साधारण आठ अँपिअर. चौदा तासांच्या रात्रीत निम्मा वेळ म्हणजे ५६ अँपिअर-अवर. शंभर अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून पन्नासच वापरायचे असतात, थंडीत तेवढेही मिळत नाहीत. पहाटे व्होल्टेज उतरलं की पंखा मंदावतो. मग हवेच्या झोताने दाबला जाणारा सेल स्विच दाबला जात नाही आणि गॅस भरलेला असूनही फर्नेस पेटत नाही. मुलं कुडकुडत उठतात आणि पाइप गोठायला लागतात. विजेच्या जोडणीशिवाय ‘विंटर पॅकेज’ कितपत टिकेल ते यावरून ताडा. “लिथियम टाकलंय” म्हणाला तर लेबलवर स्वतःला गरम करायची सोय लिहिली आहे का बघा. साधी लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केली तर कायमची खराब होते.

बिनचिमणीचा प्रोपेन हीटर “गॅस वाचवायला” म्हणून भेट देणारेही असतात. तो घेऊ नका. एक पौंड प्रोपेन जळला की दीड पौंडाहून जास्त पाणी वाफेच्या रूपात आत सुटतं, भिंती ओल्या होतात, आणि झोपेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका राहतो तो वेगळाच.

आता सगळ्यात चलाख वाक्य: “विंटराइज केलाय, त्यामुळे पाणी लावून दाखवता येणार नाही.” विंटराइज म्हणजे पाइपांतलं पाणी काढून अँटिफ्रीझ भरलेलं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण आदल्या हिवाळ्यात फुटलेली जोडणी लपवायची याहून सोपी युक्ती नाही. पेक्स हे लवचीक प्लॅस्टिकचं पाइप गोठलं तरी बऱ्याचदा तगतं. फुटतात ते प्लॅस्टिकचे एल्बो, नळांची आतली अंगं, टॉयलेटचा व्हॉल्व्ह आणि पंपाचं डोकं. एप्रिलमध्ये पाणी सोडलं की ट्रेलरच्या फरशीखालून धार लागते, तोवर विक्रेत्याने हात वर केलेले असतात.

यावर उपाय आहे आणि तो पंधरा-वीस डॉलरांत होतो. प्रॉपिलीन ग्लायकोलचं गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ दोन-तीन गॅलन सोबत न्या. गाडीच्या रेडिएटरचं चालत नाही, ते विषारी असतं. वॉटर हीटर बायपासवर आहे, म्हणजे पाणी त्याला वगळून जातं, याची खात्री करा. पंपाची विंटराइझ करायची नळी कॅनमध्ये सोडून पंप सुरू करा. एकेक नळ, गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी, गुलाबी धार येईपर्यंत उघडा. शॉवर आणि टॉयलेटही. मग सगळं बंद करा. पंप काही सेकंदांत गप्प झाला पाहिजे आणि गप्पच राहिला पाहिजे. दर मिनिट-दोन मिनिटांनी तो गुरगुरला, तर कुठेतरी गळती आहे. सिंकखाली, पंपाजवळ आणि टॉयलेटच्या मागे कोरडा टिश्यू फिरवा, गुलाबी डाग लगेच दिसतो. यंत्रणा आधी होती तशीच विंटराइज राहते, त्यामुळे नाही म्हणायला विक्रेत्याकडे कारणच उरत नाही. तरी नाही म्हणाला, तर व्यवहार सोडा. वॉटर हीटरची टाकी यात सुटते. तिचं बाहेरचं झाकण उघडून फुगवटा, चीर आणि गंजाचे ओघळ पाहा.

ओल शोधायला टोकदार पिनांचा मॉइश्चर मीटर घ्या. खिडक्यांखाली, छताचे चारही कोपरे, स्लाइडच्या कडा, दाराशी फरशी. वीस टक्क्यांच्या वर आकडा म्हणजे लाकूड ओलं. पण लाकूड गोठलेलं असलं तर मीटर कमी दाखवतो. म्हणून आधी काही तास ट्रेलर आतून गरम करून ठेवायला सांगा. एकाच भिंतीवर नवा वॉलपेपर, जुन्या सीलंटवर नुकताच ओतलेला पांढराशुभ्र थर, दारं उघडताच येणारा तीव्र सुगंध, यांतलं काही दिसलं तर तिथेच जास्त वेळ घालवा.

टायर बघायला एक मिनिट लागतं. टायरवर डीओटी या अक्षरांनंतरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचे ट्रेलर टायर नक्षी कोरी दिसली तरी बदलायचेच, आणि ती किंमत भावातून वजा करायची.

कागदांत घोळ दोन ठिकाणी असतो. चौकटीवरचा सतरा अक्षर-अंकांचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) आणि टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, व्हीआयएन एकच आहे का, आणि टायटलवर बँकेचा बोजा आहे का. बोजा असेल तर पैसे मालकाला न देता थेट बँकेत, तिच्या कचेरीत बसून भरायचे. एनएचटीएसए या वाहन-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ट्रेलरची कंपनी, मॉडेल आणि वर्ष टाकलं की त्याचे रिकॉल, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेले दोष, दिसतात. निम्म्या किमतीची जाहिरात, मालक “सैन्यात परदेशी”, ट्रेलर “एस्क्रो कंपनीमार्फत” (व्यवहार होईपर्यंत पैसे धरून ठेवणारी मध्यस्थ) घरपोच, असं काही असलं तर तिथे ट्रेलरच नसतो, आणि ते एस्क्रोचं संकेतस्थळही त्यांचंच असतं.

आरव्ही शोमध्ये सही केल्यावर “तीन दिवसांत परत करता येतो” असा समज आहे. एफटीसी या केंद्रीय व्यापार आयोगाचा तो नियम मुळात घरी किंवा तात्पुरत्या जागी येऊन केलेल्या विक्रीसाठी आहे. कायमचं दुकान असलेल्या डीलरने शोमध्ये विकलेल्या वाहनाला तो लागू नाही. तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन म्हणूनच करारावर लिहून घ्यायचं. ‘अ‍ॅज इज’ (आहे तसा) असं छापलेलं असेल, तर बाकीची सगळी बोलणी वाऱ्यावर गेली असं समजा.

वाटेवरचं एकच सांगतो. कॅलिफोर्नियाच्या घाटात टायरांना बर्फासाठीची चेन लावून देणारे लोक कॅलट्रान्सच्या (राज्याच्या रस्ते खात्याच्या) परवान्यावर काम करतात आणि त्यांच्या अंगावर बिल्ल्याचा क्रमांक असतो. त्यांना चेन विकायची किंवा भाड्याने द्यायची मुभा नाही. तिथे कोणी चेन विकायला आला तर नाही म्हणा. ट्रेलरच्या मापाची चेन घरूनच न्यायची, कारण ब्रेक असलेल्या ट्रेलरच्या निदान एका अ‍ॅक्सलला तिथे चेन लागते.

फसवणूक झालीच असेल, तर वायरने पाठवलेले पैसे अडवायला पहिल्या काही तासांनाच किंमत आहे. बँकेच्या फ्रॉड विभागाला फोन करून वायर परत बोलवायला सांगा, त्याच दिवशी एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन तक्रार केंद्रावर तक्रार नोंदवा. डीलरने फसवलं असेल तर राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे लेखी तक्रार जाते. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, दोन्ही वाहनांच्या स्टिकरचे फोटो, कॅट स्केलची चिठ्ठी आणि स्वतंत्र तपासनिसाचा अहवाल जोडा. जाहिरात विक्रीनंतर लगेच काढून टाकतात, म्हणून तिचा स्क्रीनशॉट ट्रेलर बघायला निघण्याआधीच घेऊन ठेवा.