आईला वृद्धसेवा केंद्रात ठेवल्यानंतर : पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

आईला पार्किन्सन्स आहे. त्यात खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं आणि तिचं घरी करणं आमच्या आवाक्याबाहेर गेलं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात पंधरा-वीस कॉटचं एक वृद्धसेवा केंद्र आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तिला तिथे ठेवलं, आता दिवाळी आली. आम्ही चौकशी करत होतो तेव्हा जो तो 'स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत' एवढंच सांगायचा. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्वच्छता खरंच चांगली आहे. लघवीचा वास येत नाही, अंथरूण कोरडं असतं. जेवण मऊ आणि गरम मिळतं. महिना १८,००० रुपये. डायपर, औषधं आणि फिजिओ वेगळे. पावती न मागता मिळते.

खरी परीक्षा झाली ती गोळ्यांच्या वेळेवर. आईला पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी ठरलेल्या वेळीच लागते. उशीर झाला की अंग ताठरतं, पाय उचलत नाहीत, घासही गिळवत नाही. शिवाय ती खाण्याच्या अर्धा तास आधी द्यावी लागते, कारण दूध-डाळीतल्या प्रथिनांबरोबर ती अंगी नीट लागत नाही. केंद्रात मात्र सगळ्यांच्या गोळ्या नाश्त्याबरोबर वाटायची पद्धत होती. सुरुवातीला आई सकाळी अकरापर्यंत कॉटवरून उठायचीच नाही. सिस्टर म्हणायच्या, "आज्जींचा आज मूड नाही." मूडचा काही संबंध नव्हता. दुधाचा कप आणि गोळी एकाच ट्रेमधून येत होती.

न्यूरोलॉजिस्टकडून वेळा लिहून आणल्या, मोठ्या अक्षरातला कागद कॉटमागे चिकटवला आणि प्रत्येक गोळीला सही करायचा तक्ता सुरू करायला लावला. थोडी कुरकुर झाली, पण व्यवस्थापकांनी मनावर घेतलं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. आठवडाभरात आई वॉकर धरून व्हरांड्यापर्यंत जायला लागली. तुमचं माणूस अशा ठिकाणी असेल तर तक्ता आहे का एवढंच विचारू नका, तो हातात घेऊन बघा. दिवसभराच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच हाताने सलग केलेल्या दिसल्या, तर तो संध्याकाळी बसून भरलेला असण्याची शक्यता जास्त.

दिवसा मावशी पुरेशा असतात. रात्री सगळ्या कॉटना मिळून एकच. जी व्यक्ती स्वतः कूस बदलू शकत नाही तिची साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एका मावशीने किती जणांची बदलायची? श्रावणात आईच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग उठला. बोटाने दाबला तरी लाली जाईना. बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात अशीच होते. अंग पुसताना तो दिवसाच्या मावशीच्या लक्षात आला आणि तिने तिथल्या तिथे मला फोन केला. गेले तर अशा जखमा होऊ नयेत म्हणून आईखाली घातलेल्या एअर बेडच्या (हवेच्या गादीच्या) पंपाची पिन काढलेली आणि त्या जागी कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला. मी खूप चिडले. पण त्या मावशीने पुढचे कितीतरी दिवस आठवणीने आईला कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी लावली, आणि कातडी फुटायच्या आत डाग गेला. तिला कुठल्या कोर्सचं सर्टिफिकेट नाही. नजर मात्र आहे, आणि आईशी बोलताना आवाजात माया आहे. अशी माणसं टिकवायची तर केंद्राने त्यांचा पगार वाढवायला हवा, हे मी व्यवस्थापकांना स्पष्ट सांगितलं आहे.

लहान गावाचा एक मोठा फायदा झाला. बाजारच्या दिवशी आमच्या भावकीतलं कुणी ना कुणी पिशवी हातात घेऊन आईकडे डोकावतंच. न सांगता, कुठल्याही वेळी. भेटीची वेळ काटेकोर पाळायला लावणाऱ्या आणि आधी फोन करून यायला सांगणाऱ्या केंद्रांपेक्षा हे मला फार मोलाचं वाटतं. तोटा उपचारांचा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, रात्री काही झालं तर १०८ ला फोन करून साताऱ्याला न्यायचं. प्रवेशाच्या वेळी नोंदणीचे कागद मागितले तेव्हा कळलं, की नोंदणी ट्रस्टची आहे, १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखालची नाही. म्हणजे हे हॉस्पिटल नाही. ऑक्सिजन, नळीतून अन्न, सलाइन यांची गरज असेल तर इथे ठेवू नका. कुठल्याही केंद्रात हेळसांड दिसली आणि कुणी दाद देत नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळतं.

चालत्याफिरत्या किंवा थोडा आधार लागणाऱ्या माणसासाठी मी हे केंद्र सुचवेन. पूर्ण अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आज नाही. रात्री दुसरी मावशी ठेवा, त्यासाठी महिन्याला थोडे जास्त द्यायची आमची तयारी आहे, असं आम्ही पाच-सहा कुटुंबांनी मिळून लेखी दिलं आहे. दिवाळीनंतर ठेवतो असं उत्तर आलंय. ठेवली तर आई तिथेच राहील. नाही ठेवली, तर साताऱ्यातल्या एका केंद्रात चौकशी करून ठेवली आहे.