ऑर्किड कुंडीत ठेवायचं की लाकडावर बांधायचं?

दोन्ही करून झालंय म्हणून लिहितोय. आणि हे झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किडपुरतंच हं, जमिनीतल्यांचा हिशोब वेगळा.

कुंडीची सोय मोठी आहे, खोटं कशाला बोलू. झाडाच्या सालीचे तुकडे, थोडा कोळसा, आठवड्यातून एकदोनदा पाणी, चार दिवस बाहेर गेलात तरी फारसं बिघडत नाही. लाकडावरच्याला मात्र उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, हवा फार कोरडी असेल तर दोनदा, आणि खतसुद्धा अगदी पातळ करून वरचेवर द्यावं लागतं कारण तिथे काही साठूनच राहत नाही.

मग कुंडीवरून माझं मन का उडालं, तर आतलं काही दिसत नाही म्हणून. वरची साल खडखडीत कोरडी, बोट घालून बघितलं तरी कोरडी, मी आपला पाणी घालत राहिलो आणि मध्ये सगळा गिच्च गोळा. पानं सुरकुतली तेव्हा वाटलं तहानलंय, म्हणून अजून पाणी! शेवटी उपटून बघितलं तर मूळ चिमटीत धरलं की वरचं आवरण निसटून हातात आणि आत नुसता दोरा. पानं तहानेनेही सुरकुततात आणि मुळं कुजल्यानेही, बाहेरून कसं ओळखणार? पारदर्शक कुंडी पण वापरली, कडेची मुळं दिसतात, माझ्याकडे कुजायला सुरुवात मात्र मधूनच झाली. शिवाय दोनेक वर्षांत साल कुजून तिचा भुगा होतो, ती बदलताना कुंडीला चिकटलेली मुळं तुटतात ते वेगळंच.

लाकडावर सगळा मामला उघडा. मुळांवरचं स्पंजसारखं आवरण, वेलामेन, कोरडं असलं की चंदेरी दिसतं, पाणी प्यायलं की हिरवं. एक नजर टाकली की कळतं. फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड तर पानं खाली झुकवून बांधता येतं, मधल्या पोग्यात पाणी साचत नाही, निसर्गातही ते बहुतेक असंच लोंबतं.

अर्थात एकच झाड आहे, खोलीत आहे, रोज पाणी घालणं जमणार नाही, तर कुंडीच बरी असं मीही म्हणेन, फक्त साल जाड घ्या. माझं एक डेंड्रोबियम जातीचं ऑर्किड अजून कुंडीत आहे, चांगलं फुलतंय, त्याला हात लावत नाही. बाकीची झाडं, नवी मुळं फुटायला लागली की, एकेक करून लाकडावर जातायत, कारण लाकडाला धरतात ती नवी मुळंच, जुनी नुसती लोंबत राहतात.