बोटीच्या नाकात काय भरायचं: सुटी पिशवी, बाकाखालची पिशवी की शिसं?

मागं जास्त माल भरला की बैलगाडी उलाळ होते. जू वर जातं, बैलांच्या मानेवर भारच उरत नाही आणि गाडीवान शिव्या देत दोन पोती पुढं ओढतो. कळमेश्वरकडे आजोबांच्या कापसाच्या गाड्या भरताना मी हे लहानपणी शंभरदा पाहिलं. साठी उलटल्यावर टेक्सासात, ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिस या तळ्यावर जावयांच्या बोटीत बसलो आणि तोंडातून तेच निघालं, "जवाईबापू, तुमची गाडी उलाळ होऊन राहिली ना!"

त्यांनी वेकसर्फिंगसाठी, म्हणजे बोटीमागं उठणाऱ्या लाटेवर दोरी सोडून फळीवर उभं राहायच्या खेळासाठी, एक जुनी इनबोर्ड (इंजिन पोटात असलेली) बोट घेतली होती. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पाण्याच्या पिशव्या भरून लाट उंच केली होती, पण बोटीचं नाक आभाळाकडे. चालवणाऱ्याला समोरचं दिसायचं नाही. लाट उंच खरी, पण आखूड आणि उभी. लेक फळीवर उभी राहून दोरी सोडायची आणि तीन सेकंदांत मागं पडायची. नागपुरात तीस वर्षं पंपांची विक्री-दुरुस्ती केलेला सासरा सहा महिने घरी आयता बसला होता, तेव्हा पुढच्या वजनाचं काम माझ्याकडे आलं. परत आल्यापासून लेकीच्या ओळखीचे दोन-चार जण रात्री फोन करून विचारतात, "काका, कोणतं घेऊ?" प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

आधी हे वजन करतं काय? वेकसर्फिंगमध्ये बोट ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या आसपास चालते. त्या वेगाला ती पाण्यावर तरंगत धावत नाही, पाणी ढकलत जाते, आणि ढकललेलं पाणी मागं लाट होऊन उठतं. मागचं वजन लाटेला उंची आणि उभेपणा देतं. पुढचं वजन तिची लांबी वाढवतं, उतार मवाळ करतं, आणि लाटेचा रेटा मागं जास्त लांबवर पोचतो. मात्र पुढं अती झालं की बोटीचा मागचा भाग उचलला जातो आणि लाट बसते. म्हणजे नाकातली पिशवी लाट मोठी करायला नाही, मागं घातलेलं वजन कामी यावं म्हणून. मागं काही नसताना नुसती पुढची पिशवी घेऊ नका.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं इनबोर्ड बोटीसाठी, जिचा पंखा बोटीच्या पोटाखाली असतो. रामटेकजवळ खिंडसीला मी पाहिल्या तशा, मागं इंजिन लटकवलेल्या स्पीडबोटीमागं वेकसर्फिंग करायचं नाही. फळीवरचा माणूस बोटीच्या अगदी जवळ असतो आणि पंखा तिथंच फिरत असतो. यात तडजोड नाही.

सुटी पिशवी

ही पुढच्या बाकांच्या मधल्या जागेत किंवा बाकांवरच पसरायची. नाकाच्या आकाराच्या त्रिकोणी पिशव्या मिळतात. अमेरिकेत त्या पौंडांवर विकतात: ४०० पौंडांची म्हणजे सुमारे १८० लिटर, ६५० पौंडांची म्हणजे २९५ लिटर. लिटरला किलो, त्यामुळे हिशेब सोपा.

भरायला पंप लागतो तो आपल्या कूलरच्या पंपाचा मोठा भाऊ. तळ्यात सोडायचा, नळी पिशवीला जोडायची, बारा व्होल्टवर चालू करायचा. नागपूरच्या माणसाला याची खोड शिकवावी लागत नाही: पंप पाण्यात बुडालेला पाहिजे, हवा धरली की नुसता घुरघुरतो, पाणी चढत नाही. डब्यावर गॅलनचा आकडा मोठा असतो. ताशी ८०० गॅलन म्हणजे मिनिटाला ५० लिटर, कागदावर ३०० लिटरला सहा मिनिटं. नळीची वळणं आणि चढ धरले तर नऊ-दहा धरा. रिकामी करायला पुन्हा तितकीच, आणि तळाशी राहिलेलं पाणी काढायला पिशवी गोधडीसारखी गुंडाळत आणायची. बाक भिजतात, आणि ओल तशीच राहिली तर बुरशी धरते.

तिचा खरा फायदा किमतीत नाही. ती सरकवता येते. वीतभर मागं, वीतभर पुढं, अर्धी-पाऊण भरून पाहायची. आम्ही पहिल्या दिवशी पूर्ण २९५ लिटर भरलं आणि लाट मेली. २०० च्या जवळ आणल्यावर लेक पहिल्यांदा दोरीविना मिनिटभर टिकली. मागं तेव्हा सुमारे ७०० किलो होतं. हे आकडे आमच्या बोटीचे; तुमच्या बोटीचे शोधायला हीच पिशवी लागते.

पण २९५ ची पिशवी २०० वर ठेवणं हा कायमचा उपाय नव्हे. अर्धवट टँकर वळणावर का डोलतो हे उन्हाळ्यात टँकरमागं धावलेल्या कोणालाही विचारा. पिशवीतलं मोकळं पाणी वळणावर एका बाजूला जातं आणि बोटीला त्याच बाजूला आणखी कलतं करतं. वजन ठरलं की त्या मापाची लहान पिशवी घ्यायची, हवा काढून काठोकाठ भरायची आणि पट्ट्यानं बांधायची.

दुसरी अडचण माणसांची. पुढची जागा गेली की तिथले तीन-चार जण मागं येतात, मागचं वजन आणखी वाढतं, आणि तुम्ही जिथून निघालात तिथंच परत. घरचे तिघं-चौघं जाणार असाल तर चालतं. दर रविवारी डबे, पोरं आणि दोन विहीणबाई घेऊन निघणाऱ्या मराठी कुटुंबाला ही पिशवी महिनाभरात नकोशी होते.

बाकाखालची पिशवी

पुढच्या बाकांखाली सामान ठेवायचे कप्पे असतात, त्यात बसेल अशी पिशवी घालून पंप आणि नळ्या कायमच्या जोडायच्या. बटण दाबलं की भरते, दाबलं की रिकामी होते. बसायची जागा वाचते, कप्पा मात्र जातो. लाइफ जॅकेटं कुठं ठेवायची हे आधी ठरवा. कप्प्यात मावणारं पाणीही सुट्या पिशवीपेक्षा बहुधा कमीच.

माझा जीव पंपात, त्यामुळे इथं थोडा रेंगाळतो.

एक मार्ग म्हणजे दोन साधे पंप, एक भरायला, एक उपसायला. हे कूलरच्याच जातीचे: स्वस्त, दणकट, कोरडे फिरले तरी लगेच मरत नाहीत. पण ते स्वतःहून पाणी ओढून घेत नाहीत, म्हणून भरायचा पंप पाण्याच्या पातळीखालीच बसवावा लागतो, आणि उपसायच्या पंपात हवा अडकली की तो हात टेकतो. शिवाय यांच्यातून पाणी आरपार वाहू शकतं. कूलर रिकामा करताना नळी तोंडानं ओढून खाली सोडली की पुढं पाणी आपोआप येत राहतं ना, तेच इथं होतं: पंप बंद, बटण बंद, आणि तळं तुमच्या पिशवीत येतंय. उलटही होतं, भरलेली पिशवी वाटेत गुपचूप रिकामी होते. त्यासाठी नळी पाण्याच्या पातळीपेक्षा वर नेऊन तिथं हवेची वाट ठेवायची आणि तळाच्या भोकाशी बंद करता येणारी तोटी बसवायची. तोटीत कंजुषी नको.

दुसरा मार्ग दोन्हीकडे फिरणारा रबरी पात्यांचा पंप. जॅब्स्को कंपनीचा बॅलास्ट पपी हा त्यातला नावाजलेला. एकाच नळीतून भरतो आणि उपसतो, पाणी स्वतः ओढतो, बंद असताना पाती वाट बरीच अडवून धरतात. आपल्याकडचा टुल्लू जसा नळाला लावला की ओढतोच, तसा. खोड एकच: कोरडा फिरला की पाती जळतात. पिशवी रिकामी झाल्यावर बटण विसरलं की नवी पाती आणा. टायमरवालं बटण घ्या आणि पाती सहज बदलता येतील अशा जागी पंप बसवा. जावयांसाठी मी हाच निवडला, कारण विसरणं ही त्यांची सवय असली तरी हिशेबाची माणसं ते. दुसऱ्यांदा पाती जळणार नाहीत याची मला खात्री होती.

जोडणीत दोन गोष्टी हमखास चुकतात. बोट चालताना नाक वर असतं, म्हणून उपसायची नळी पिशवीच्या मागच्या टोकाला, तळाशी हवी. पुढं लावली तर वीस-पंचवीस लिटर आतच राहतात. आणि बोटीच्या आत बसणारा पंप ठिणगी बाहेर न जाणाऱ्या बांधणीचाच घ्यायचा. खाली पेट्रोलची वाफ साचते. कूलरची मोटर तिथं लावण्याची युक्ती कोणी सुचवली तर त्याला माझ्याकडे पाठवा.

सगळ्यात मोठा खर्च मनाचा आहे, कारण बोटीच्या तळाला भोक पाडायचं असतं. आधीपासून पोटात टाकी असेल तर तिच्या वरच्या हवेच्या तोंडाला पिशवी जोडतात. टाकी भरली की उतू जाणारं पाणी पिशवीत. नवं भोक वाचतं, पण पिशवी एकटी भरता येत नाही.

शिसं

जुन्या मराठीत जहाजाच्या भरवजनाला नीरम म्हणत, गलबतात दगड किंवा वाळू घालत. शिसं हा त्याचाच सुबक अवतार. घनता पाण्याच्या ११.३४ पट, म्हणून ३०० किलो पाण्याला ३०० लिटर जागा लागते तिथं ३०० किलो शिसं २७ लिटरांत मावतं. पंप नाही, भोक नाही, हिंदकळणं नाही. पन्नास पौंडांच्या, म्हणजे २३ किलोंच्या थैल्या मिळतात, बाकाखाली कोपऱ्यात सारायच्या.

कागदावर हेच जिंकतं. तरी पुढचं सगळं वजन शिशाचं करू नका असंच मी म्हणेन. ते उतरवता येत नाही: ट्रेलरवर तेच ओझं, गाडीच्या हुकावर जास्तीचा दाब, नुसतं फिरायला गेलात तरी त्याचं पेट्रोल. आणि बोटीत पाणी शिरलं तर पिशवीतलं पाणी तिला आणखी खाली ओढत नाही, पाण्यात पाण्याचं वजन शून्य. १०० किलो शिसं मात्र बुडाल्यावरही ९१ किलोनं ओढतच राहतं. म्हणून शिसं चटणीसारखं, वीस-पन्नास किलो, शेवटचा तोल साधायला.

एका बाबतीत मात्र शिसं दोन्ही पिशव्यांना हरवतं. लेक ट्रॅव्हिसमध्ये २०१७ साली झेब्रा शिंपले सापडले; बोटीत उरलेल्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात पसरणारा हा उपद्रवी जीव. टेक्सासात १ जुलै २०१४ पासून सार्वजनिक गोड्या पाण्यावर येता-जाताना बोटीतलं पाणी काढून टाकणं राज्यभर बंधनकारक आहे. सुटी पिशवी निदान बाहेर काढून पिळता, वाळवता येते. बाकाखालच्या पिशवीत आणि नळ्यांत ओल राहतेच. एकाच तळ्यावर बोट बांधून ठेवत असाल तर फार बिघडत नाही. दर आठवड्याला वेगळं तळं गाठणाऱ्यानं हा विचार पंपाच्या आधी करावा.

घडलेली एक गोष्ट सांगतो. सुटी पिशवी नाकात, पहिला महिना. लेक पडली म्हणून जावयांनी वेग एकदम कमी करून बोट वळवली आणि आमचीच लाट समोरून आली. नाक आधीच खाली. पाणी सरळ आत, घोट्यापर्यंत. पुढं कोणी बसलेलं नव्हतं, हे नशीब. मी लगेच उपसायचा पंप सुरू केला आणि घरी पोचेपर्यंत कोणी बोललं नाही. नाकातलं वजन कोणतंही असो, वळण संथ घ्यायचं, लाटेला तिरकं भिडायचं, आणि पिशवी भरलेली असताना पुढं माणसांची गर्दी करायची नाही. चालकाजवळच्या पाटीवर माणसं-सामानाची जी मर्यादा लिहिलेली असते, त्यात बाहेरून आणलेली पिशवी धरायचीच.

तर कोणी काय घ्यावं? पहिला हंगाम असेल तर सुटी, दुसरा विचार नको. बोट विकायचा बेत असेल तरी सुटीच. दोन-तीन वर्षं बोट ठेवणार, माणसं नेहमी जास्त आणि तळं एकच, तर सुट्या पिशवीवर वजन ठरवून मग बाकाखालची. बाकाखाली दीडशेच लिटर मावत असतील आणि दोनशे हवे असतील, तर तिथं शिशाच्या दोन थैल्या.

आणि काहीही मागवण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. आम्हाला तो उशिरा सुचला. पिशवी नसताना, शांत पाण्यात, सरळ रेषेत, लाइफ जॅकेट घातलेली दोन मोठी माणसं मागून पुढच्या बाकावर नेऊन बसवा आणि लाटेकडे पाहा. आमच्याकडे सौ. आणि विहीणबाई गेल्या. लाट हातभर लांबली. जावयांना एकूण किती किलो गेले ते मांडायचं होतं, पण आकडा विचारायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती, म्हणून वहीत नुसतं 'दोन जणी' असं लिहिलं आहे.