दसऱ्याच्या पानात जोडीला काय: सासव, करम, कापं की मुगागाठी?

दसऱ्याच्या दुपारी वरण-भात, पुरी आणि मणगणं (हरभऱ्याच्या डाळीची गोड खीर) ठरलेलंच असतं. घोळ होतो तो जोडीच्या पदार्थांवर. मणगण्यात नारळाचा रस आणि गूळ आधीच भरपूर असतो. शेजारी आणखी खोबऱ्याचं दाट काही आलं, की पाचव्या घासालाच जेवण जड वाटायला लागतं. म्हणून आधी पानात काय कमी आहे ते बघावं, आणि मग शेगडी किती वेळ अडून राहील ते. खालची मापं आठ माणसांची आहेत. कशातही कांदा-लसूण नाही, त्यामुळे नैवेद्यालाही चालतं. खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचा रस्सा, मुद्दाम वगळलं आहे. पाच तरी भाज्या चिरायच्या, तेफळं (तिरफळं) बिया काढून ठेचायची. ते केलं तर वेगळी जोड लागतच नाही.

अननसाचं सासव

मणगण्याशेजारी सर्वात शोभतं ते हेच. सासव म्हणजे मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातलं फळ. आंबट, गोड आणि मोहरीचा झणका एकाच घासात येतो, म्हणून खोबरं असूनही जड वाटत नाही. एका मध्यम अननसाच्या फोडी पाऊण वाटी पाणी आणि पाव वाटी गुळात आठ-दहा मिनिटं शिजवायच्या. हे आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवता येतं. शिजवणं मात्र टाळू नये. कच्च्या अननसातलं ब्रोमेलिन प्रथिनं तोडतं आणि खोबऱ्याचं वाटण कडवट करतं. नीट शिजल्यावर त्याचा जोर संपतो.

सकाळी दीड वाटी ओलं खोबरं आणि पाच ब्याडगी मिरच्या बारीक वाटाव्यात. एक लहान चमचा मोहरी थेंबभर तेलात पहिला दाणा तडतडेपर्यंतच गरम करावी आणि वाटण तयार झाल्यावर शेवटी टाकून मिक्सर दोन-तीनदाच फिरवावा. सासव बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. मोहरी सुरुवातीपासून वाटली तर कडू होते, काळी पडेपर्यंत भाजली तर झणका जातो. वाटण फोडींत मिसळल्यावर फक्त वाफ येऊ द्यावी. खळखळ उकळलं तर वास उडतो आणि खोबरं फुटून तेल वर येतं.

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आंबाडे (कोयीचं लहान आंबट फळ) मिळाले तर सासव त्यांचं करावं. चव अधिक खोल येते, पण गूळ जवळजवळ दुप्पट लागतो आणि कोय चोखत खावं लागतं. पंगतीत लहान मुलं असतील तर अननसच बरा.

तवशाचं करम

तवसं म्हणजे मोठी काकडी, करम म्हणजे तिची कोशिंबीर. दहा मिनिटांचं काम, शेगडी लागतच नाही. दोन मोठी तवशी सोलून, बिया काढून बारीक चिरायची. टोकं आधी चाखून बघावीत. एक कडू तवसं सगळं पातेलं बिघडवतं. अर्धी वाटी खोबरं, दोन हिरव्या मिरच्या, चमचाभर साखर, एका लिंबाचा रस. किसू नये, किसलं की पाणी जास्त सुटतं. मीठ पानं मांडल्यावरच घालावं. अर्धा तास आधी घातलं तर वाढताना पाण्याचा ओघळ थेट भातात जातो.

सुरणाची कापं

कापं म्हणजे रवा लावून तव्यावर तळलेल्या चकत्या. आश्विनात त्यांच्यासाठी चांगला नीरफणस मिळेलच असं नाही, सुरण मात्र यायला लागलेला असतो. मऊ जेवणात कुरकुरीतपणा आणणारं एवढंच आहे, आणि खोबरं शून्य. अडचण वेळेची. सहाशे ग्रॅम सुरणाची साधारण चोवीस कापं होतात. मोठ्या तव्यावर एका खेपेला सहा बसतात आणि खेपेला आठ-नऊ मिनिटं लागतात. म्हणजे पस्तीस मिनिटं एक माणूस तव्यापाशी हवाच, तेही नेमकं वाढायच्या वेळी.

कापं अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नकोत. पाच-सहा सोलं (आमसुलं) घातलेल्या पाण्यात वीस मिनिटं ठेवावीत. सुरणातल्या ऑक्सलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी घसा खाजतो, ती खाज आंबटाने कमी होते. आतून कच्चं राहिलं तर मात्र खाजेलच, म्हणून आच मध्यम ठेवावी. निथळून, फडक्याने कोरडी करून मीठ, हळद, हिंग आणि दोन चमचे तिखट लावावं. रवा तव्यावर टाकायच्या क्षणीच लावावा, आधी लावला तर ओला होऊन सुटतो. तळलेली कापं एकावर एक रचू नयेत आणि झाकूही नयेत, वाफेने मऊ पडतात.

मुगागाठी

मुगागाठी म्हणजे मोड आलेल्या मुगांची खोबऱ्याच्या वाटणातली उसळ. चवीला या चौघांत सर्वात भारदस्त, आणि सोपेपणात शेवटच्या. दीड वाटी मूग दोन दिवस आधी सकाळी भिजवायचे, रात्री फडक्यात सैल बांधायचे. घट्ट बांधले तर दमट हवेत चिकट होऊन वास मारतात. दुसऱ्या संध्याकाळी कोमट पाण्यात चोळून सालं तरंगवून काढायची, यातच पाऊण तास जातो. चिंच आणि गूळ मूग शिजल्यावरच घालावेत. चिंच आधी पडली तर दाणा दडदडीत राहतो. वर दीड वाटी खोबऱ्याचं वाटण, म्हणजे मणगण्याचा जडपणा पुन्हा पानात येतोच. गोड म्हणून मणगण्याऐवजी बिननारळाचं काही असेल, तेव्हाच मुगागाठींना खरा न्याय मिळतो.

स्वयंपाकघरात एकटं माणूस असेल तर सासव आणि करम, तिसरं काही धरू नये. दोघं असतील तर करमाऐवजी कापं चालतील; एकाने वाढायला घ्यायचं, दुसऱ्याने तव्यावरून सरळ पानात टाकत राहायचं. तिघं किंवा जास्त असतील तरच सासव, करम आणि कापं तिन्ही. मग सासव सकाळी नवाच्या आत मिसळून ठेवावं, म्हणजे एकपर्यंत मोहरी फोडींत मुरते, आणि आदोळीवर (खवणीच्या विळीवर) करमाचं खोबरं खवायला हात मोकळा राहतो.