अजिंठ्याला रेल्वे की रुंद रस्ता? आणि स्टेशन कुठे?

जालना–जळगाव रेल्वेमार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. १७४ किलोमीटर, अंदाजे ७,१०६ कोटी रुपये. सिल्लोड-अजिंठा पट्ट्यात यामुळे आनंद आहे, तशी धास्तीही आहे: गाडी आली की चांगल्या जमिनींचं प्लॉटिंग होणार. त्यापेक्षा रस्ता रुंद करा, एसटी वाढवा, असंही ऐकू येतं. ग्रामसभेत हात वर करायची वेळ आली तर काय बघावं?

आधी खिशाचं. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० मध्येच काढून घेतली. तरीही पॅसेंजरचं जनरल तिकीट एसटीच्या अर्ध्या तिकिटापेक्षा स्वस्तच पडतं. फेऱ्यांत मात्र एसटी पुढे. नव्या मार्गावर दिवसाला दोन गाड्या मिळाल्या तरी डोक्यावरून पाणी.

प्लॉटिंगच्या पसाऱ्याच्या बाबतीत माझं मत जरा उलटं आहे. गाव जास्त विस्कटतं ते रस्त्यामुळे. रस्त्याला कुठूनही फाटा काढता येतो, गाडी स्टेशनातच थांबते. रस्त्याकडेचं चित्र सगळ्यांनी पाहिलंय: कपाशीच्या शेतात जेसीबीने पाडलेले कच्चे रस्ते, सिमेंटचे बुटके खांब, ‘सुलभ हप्ते’ लिहिलेला बोर्ड, आणि घर एकही नाही. एकराचे ४० गुंठे, गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट. दलालाचा हिशेब बसतोच. पुढे घरं झाली की नळ नाही, नाली नाही, उन्हाळ्यात टँकर. अशा गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या वसाहती नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ चा, संभाजीनगर अजून त्या नियमित करतंय.

रेल्वे धुतल्या तांदळासारखी आहे असंही नाही. गावापासून पाच-सात किलोमीटरवर माळात स्टेशन बांधलं, की मधली जमीन प्लॉटवाल्यांची झालीच म्हणून समजा, आणि प्रवाशाला रिक्षा तिकिटापेक्षा महाग. गावालगत जागा घ्यायची तर मोबदला जास्त द्यावा लागतो, पण बाजार पायी गाठता येतो.

लेण्यांच्या पायथ्याशी तर स्टेशन मागूच नका. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर आज खासगी गाड्या थांबतात, पुढचे चार किलोमीटर एसटीची बस नेते. हीच बस स्टेशनपासून, गाडीच्या वेळेला सोडली की झालं. शिवाय लेणी सोमवारी बंद. नुसत्या पर्यटकांवर गाडी चालत नाही. रोज तालुक्याला जाणारा माणूस, मका, मिरची हेही लागतं, आणि ते गावात आहे.

एक गोष्ट एसटीच्या बाजूने मोठी आहे, ती म्हणजे वेळ. अहिल्यानगर–बीड–परळी मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला आणि बीडला गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. त्यामुळे एसटीच्या जादा फेऱ्या आजच मागा. रेल्वेलाही हो म्हणा, पण ठरावात लिहून घ्या: स्टेशन गावालगत, आणि त्याभोवती कुठे बांधायचं, कुठे नाही, हे जागा जाहीर होण्याआधी ठरलेलं. एकदा जागेची बातमी फुटली की सातबारे फिरायला आठवडाही लागत नाही.