सात महिने वापरलेला बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर: तक्रार नळीच्या टोकाची

परवा टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर चौथ्या टायरवर बंद पडला. लाकूडवाट, म्हणजे ओंडके वाहून नेण्याचा कच्चा रस्ता, संपून डांबरी रस्ता लागतो तिथे गाडी उभी होती. तीन टायर ३४ पीएसआयवर (हे हवेच्या दाबाचं माप), चौथा २३ वर, आणि अंधार पडत आलेला. दाब असा कमी-जास्त असताना वेगात जायची माझी तयारी नव्हती. मशीन थंड व्हायला पंचवीस मिनिटं गेली, मग आपोआप सुरू झालं.

लाकूडवाटेवर मी दाब २० पर्यंत उतरवतो. टायर जमिनीवर लांब पसरतो, चिखलात पकड मिळते आणि खडीवर गाडी कमी आदळते. ओंडके वाहणाऱ्या ट्रकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत तर फरक स्टिअरिंगवर लगेच कळतो. पण डांबरावर त्याच दाबाने पळवलं तर टायर तापतो. म्हणजे हवा परत भरणं आलंच, आणि त्यासाठीच हे मशीन घेतलं.

हवा भरण्याबद्दल तक्रार नाही. एका टायरला साडेचार मिनिटं लागतात. आवाज मोठा आहे, चालतो. इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरीवर ताण येतो. गाडीतल्या सॉकेटचा फ्यूज अजून एकदाही उडालेला नाही.

माझा सगळा राग नळीच्या टोकावर आहे. तिथे आटे असलेली पितळी टोपी आहे, ती व्हॉल्व्हवर फिरवून बसवायची. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की काढताना फिरवावी लागते तेवढा वेळ हवा फुसफुसत जाते, दीड-दोन पीएसआय सहज. व्हॉल्व्हवर चिखल असेल तर वाळूचा कण आट्यांत अडकतो आणि टोपी धड बसतही नाही, निघतही नाही. आणि भरून झाल्यावर ते पितळ इतकं तापतं की उघड्या हाताने धरवत नाही. चार टायर म्हणजे चार वेळा हाच त्रास. खटक्याची क्लिप दिली असती तर यातलं काहीच झालं नसतं. ज्याने ही टोपी ठरवली, त्याने चिखलात बसून एकदा तरी हवा भरून बघायला हवी होती.

बंद पडल्याची तक्रार घेऊन सेवा केंद्रात गेलो. उत्तर मिळालं, ‘तुम्ही सलग चालवला.’ डब्यावर ठळक अक्षरांत चारही टायर भरा असं आहे, पुस्तिकेत बारीक अक्षरांत सलग १५ मिनिटांची मर्यादा. साडेचार चोक अठरा. वाद घातला, बदलून मिळालं नाही.

घरी आल्यावर मात्र एक मत बदललं. तापल्यावर मशीन स्वतःहून थांबलं म्हणून मोटर वाचली. त्यावरचा राग मी मागे घेतो. आता दोन टायर झाले की दहा मिनिटं थांबतो आणि तेवढ्यात टायरच्या बाजू तपासतो. तुटक्या बुंध्यांच्या टोकांनी बाजूला चीर पडली तर तळव्यातल्या पंक्चरसारखी भोकात रबरी दोरी घालून भागत नाही, टायरच बदलावा लागतो.

टोपीवरचा राग तसाच आहे. सध्या ३६ पर्यंत भरतो, म्हणजे काढल्यावर ३४ उरतात. आधी व्हॉल्व्ह जुन्या टूथब्रशने घासतो आणि टोपी चिंधीत धरून फिरवतो. चालू मशीन टाकून नवं घ्यायचं माझ्या मनाला पटत नाही. नळी कापून क्लिपचं टोक बसवायचं ठरवलंय. टोक आणून ठेवलंय, नळीच्या मापाचा क्लॅम्प तेवढा मिळायचाय.